दाढ नंबर शेहेचाळीस

माझगावात कागदाच्या गोदामावर आमची लॅब.
खाली दिवसभर रद्दीचे गठ्ठे पडतात,
वर आम्ही दात पाडतो.
हा विनोद घाणेकरसाहेबांचा, रोजचा.

झिर्कोनियाची चकती भट्टीआधी खडूसारखी असते,
नखानं ओरखडा उठतो.
मशीन तिच्यातून सव्वापट मोठी दाढ कोरतं,
भट्टीत ती रात्रभर आक्रसते
आणि सकाळी बाहेर येते
कुणाचं काही ऐकून न घेणारी.
दुसरा ठोकळा वांग्याच्या फुलाच्या रंगाचा.
आच लागली की दातासारखा दात.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच होते.

डॉक्टर शाल्मली कुडतरकर
प्रबंधासाठी चाळीस दाढा करून घेऊन गेल्या,
फोडायला.
मलाही बोलावलं.
पोलादी गोळीखाली एकेक दाढ, पडद्यावर न्यूटनचा आकडा.
माणूस चावून चावून चावणार किती? सहाशे, सातशे.
राळ मिसळलेली आधी दबली, मग कुरकुरत फाटली.
वांगीफुलाची सतराशेला काडकन् गेली.
झिर्कोनिया तीन हजार ओलांडून तशीच,
चेहऱ्यावर रेघ नाही.

मग आतून एक आवाज आला, बारीक.
कुडतरकर म्हणाल्या, थांबा.
कॅप शाबूत आहे.
खालचा दात फुटलाय.

त्यांनी वहीत काय लिहिलं मला ठाऊक नाही.
मी बसस्टॉपवर उभी होते,
दोन बस सोडल्या.

आप्पा रात्री दात खातात.
आई होती तेव्हा खांदा हलवून कूस बदलायला लावायची.
आता पार्टिशनच्या अलीकडे मी ऐकते,
रिकामं जातं कुणी ओढावं तसं.
कसला राग आहे, विचारलं तर म्हणतात,
मला कुठं राग येतो?
खरंच येत नाही. दिवसा.

एकतीस वर्षं त्यांनी मेण कोरलं,
स्पिरिटच्या दिव्यावर चाकू धरून.
त्यांनी ओतलेल्या धातूच्या दाढा
ताडदेवपासून तुर्भ्यापर्यंत अजून चावतायत,
काही राखेतून वेचल्याही गेल्या असतील.
त्यांची स्वतःची, खाली उजवीकडची, शेहेचाळीस नंबर,
तीही त्यांच्याच हातची.
यंदा तिला भोक पडलं.

मी स्कॅन केलं. पडद्यावर जबडा फिरवत बसले.
बापाच्या तोंडात इतकं आत
याआधी कधी पाहिलं नव्हतं.
वरची सोळा नंबर अस्सल, अडुसष्ट वर्षांची,
माथा झिजून सपाट,
जुन्या चाळीच्या पायरीचा मधला भाग असतो तशी.

म्हटलं, झिर्कोनियाच बसवू. लोखंडाचे चणे खा खुशाल.
आप्पा म्हणाले, तुझी ही न फुटणारी,
ते समजलं.
वरच्या बाईला विचारलंस का?

आणि मग, चहाचा कप खाली ठेवून :
वरून झिलई मारू नकोस.
ती वर्ष-दीड वर्षात उडते, खाली कानस उरते.
घास. आधी रबर, मग पेस्ट,
मग नुसतं घास.
किती वेळ?
मशीनला विचार, म्हणाले, आणि हसले.
पुढच्या दोन दातांमधली फट दिसली.

रविवारी गोदाम बंद. लॅबमध्ये मी आणि पंखा.
तीन तास लागले.
खालच्या ओठावर फिरवून पाहिली,
ही सवय त्यांची,
मी लहानपणी त्याला किळस म्हणायचे.
अजून एक जागा लागत होती. पुन्हा घासली.

बिलावर घाणेकरसाहेब मजबुतीचा आकडा छापतात,
मी त्या रकान्यात रेघ ओढली.
तसंही बिल माझ्याच नावावर होतं.

बसवून नऊ दिवस झाले.
रात्री आवाज येतोच,
फक्त आता जरा निसटता,
पकड न सापडल्यासारखा.
मी झोपेतच हात लांबवते,
पार्टिशनवर दोनदा वाजवते.
पलीकडे खाट करकरते.
ते कूस बदलतात.